शुक्रवारचा उजेड

तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असा तुमच्या शाळेतून निरोप आलाय. शोकसभेत वाचणार म्हणे. मी कळवलं, चांगले शब्द हेडमास्तर साहेबांकडं भरपूर आहेत, त्यांचेच वाचा. मला जे म्हणायचंय ते तुम्हालाच म्हणायचंय, आणि ते चांगलं नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, हे मलाही कळतं. पण तीन वर्षं तोंडावर बोलत होते, तेव्हा तुम्ही ऐकून घेतलं नाही. आता ऐका. आता शेरवानीची बटणं लावत ‘शाळंला उशीर होऊन राह्यला’ म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. एकवीस दिवसांचा ताप, आणि एकविसाव्या दिवशी तुम्ही. त्या एकवीस दिवसांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते माझे आहेत. भांडण त्याच्या आधीचं आहे.

पहिली गोष्ट, सुरुवात तुम्ही केली नव्हती. मी केली होती. हैदराबादहून तुमचं उर्दू मासिक आलं होतं आणि जेवणानंतर तुम्ही त्यातलं मला मराठीत सांगत होता. पृथ्वीच्या पार उत्तर टोकाला समुद्रच गोठतो, त्यात जहाजं अडकून पडतात, आणि तो बर्फ सूर्याचा उजेड परत फेकतो म्हणून टिकतो. मध्येच कुठं फट पडून काळं पाणी उघडं झालं, की ते पाणी उजेड गिळतं. मी ज्वारी निवडत होते. मान वर न करता मी विचारलं, “किती परत फेकतो?”

“किती म्हंजे?”

“शंभर आला तर किती परत जातो?”

तुम्ही मासिक मिटून मांडीवर ठेवलं. “वाजवी सवाल हाय,” म्हणालात. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझ्या कुठल्या बोलण्याला तुम्ही वाजवी म्हटल्याचं मला पहिल्यांदाच ऐकू आलं. मी ज्वारीचं सूप घेऊन आत गेले, कारण मला हसू येत होतं आणि ते तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

आठ दिवसांनी स्टेशनाकडच्या बर्फाच्या यंत्रावरचे रहीमचाचा घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, “क्या सवाल निकाले मास्तर! पूरे जालन्यात कुणाच्या डोस्क्यात आला नसता.” तुम्ही माझ्या हातचा चहा पीत गप्प बसलात. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

पण नाही ओळखलं. उलट हुरूप आला. तुम्ही औरंगाबादच्या एका फोटोवाल्याकडून उजेड मोजायचं यंत्र आणलंत, तळहाताएवढं, काचेखाली काटा असलेलं. आपण त्याला काटाच म्हणायचो. तोंड आभाळाकडं केलं की येणारा उजेड, खाली बर्फाकडं केलं की परत जाणारा. दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. समुद्राचा बर्फ हवा, तर पाण्यात मीठ पाहिजे. रहीमचाचांचा पोरगा तुमच्या वर्गात, म्हणून त्यांनी एक डबा आपल्यासाठी वेगळा ठेवला. त्यात मिठाचं पाणी गोठवायचं आणि रोज टांग्यातून, भुशात आणि पोत्यात गुंडाळून, नदी ओलांडून आपल्या घरी पाठवायचं. बर्फाच्या भोवती काळं पाणी हवं, म्हणून तुम्ही काळी माती पसरायचं ठरवलंत. माझा भाऊ केदारखेड्याहून चार पोती माती घेऊन आला. त्यानं ती शिडीवरून घराच्या सपाट धाब्यावर चढवली, कमरेवर हात ठेवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “दाजीची तब्येत बराबर हाय ना?”

बर्फाची पहिली सिल्ली आली तेव्हा आपण दोघंही लहान मुलांसारखे तिच्याभोवती फिरलो, हे मान्य करते. साध्या बर्फासारखी ती आरपार दिसत नव्हती. दुधात पाणी घातल्यासारखी पांढुरकी होती. समुद्र तुम्ही पाहिलेला नव्हता, मी तर नाहीच नाही. मी बोट लावून चाखलं.

“कसा हाय समुद्र?” तुम्ही विचारलंत.

“मीठ जास्त झालंय,” मी म्हणाले.

तुम्ही धाब्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. तसं हसताना मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही. वितळलेलं पाणी मी सवयीनं तुळशीला घातलं, चार दिवसांत तुळस गेली, आणि तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, महिनाभर माझ्याशी अबोला धरला. तुम्ही तेव्हाही म्हणाला नाहीत की पाणी खारट आहे हे सांगायला मीच विसरलो.

सूर्य डोक्यावर असताना मोजायचं, असा नियम. त्या वेळेला तुम्ही शाळेत. हैदराबाद सरकारची सुट्टी फक्त शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस कोण मोजणार? मीच. मराठी मला लिहितावाचता येत होतं, गणित येत नव्हतं, म्हणून तुम्ही मला पाटीवर भागाकार शिकवलात, मग अपूर्णांक, मग दशांश. काट्यासमोर डोळा कसा सरळ धरायचा ते शिकवलंत. हे तुमचे उपकार आहेत, आणि भांडणातही मी ते नाकारत नाही. दुपारी बारा ते साडेबारा तो धाबा माझा होता. खालून कुणी कितीही हाका मारल्या तरी “मोजून राह्यले” एवढं म्हटलं की बास. बाईच्या जातीला अर्धा तास मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही तो दिलात आणि आपण काय दिलं याचा तुम्हाला पत्ताही नव्हता.

थंडीत बंद असलेलं रहीमचाचांचं यंत्र होळीच्या आधी चालू व्हायचं, तेव्हापासून शाळेला सुट्टी लागेपर्यंत मोजायचं. पुढं ऊन तापलं की यंत्रावर बर्फ पुरत नसे आणि आपल्या मिठाच्या डब्याला जागा मिळत नसे. पहिल्या वर्षी एक महिना झाला तेव्हा तुम्ही वही उघडलीत आणि कपाळाला आठी घातलीत. शनिवार ते गुरुवार माझे आकडे, शुक्रवारचे तुमचे. माझे आकडे शंभरात पाच-सहानं कमी. दर आठवड्याला, न चुकता. काळ्या मातीवर तर माझ्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट तुमचा.

“तू घाई करतीस,” तुम्ही म्हणालात.

“न्हाई करत.”

“मंग डोळा तिरपा धरतीस.”

“तुम्हीच शिकवलाय धरायला.”

“मंग आकडा कमी कसा?”

“तुमचा जास्त कसा?” मी म्हणाले. “शुक्रवारीच कसा उजेड वाढतो?”

“शुक्रवारी वाचणारा वेगळा असतो,” म्हणालात, आणि लाल पेन्सिल काढलीत.

त्या लाल रेघा! एकेका आकड्यावर एकेक, पट्टी लावून, सरळ. पोरांच्या वह्या तपासायची तुमची सवय. मला नुसती फुली मारली असती तरी चाललं असतं, पण तुम्ही आकडा खाली दिसत राहील अशी रेघ मारायचा, म्हणजे चूक काय होती ते पुढंही कळावं. दुसऱ्या वर्षी मी एकेक आकडा पाच-पाचदा घेतला. डोळ्यापुढं काजवे चमकायचे. एकदा तुमच्या हातात काटा देताना चक्कर येऊन तोल गेला, तो नेमका शुक्रवार होता. तुम्ही आधी काटा सावरलात, मग मला. पुढचे आठ दिवस नदीवरून पाणी तुम्ही स्वतः आणलंत, तेही लिहायला हवं. पण त्या आठवड्याच्या माझ्या आकड्यांवर रेघा होत्याच.

मी काही वेळा विचार केला की सरळ तुमच्यासारखे आकडे लिहून टाकावेत. पाच मिळवायचे, विषय संपला. घरात शांतता. हात वहीपर्यंत जायचा. पण काटा जिथं थांबायचा तिथं थांबायचा, आणि मला दुसरं लिहिता येईना. खोटं बोलायला मी घाबरत नाही, आत्याबाईंशी रोज एखादं बोलते. हे मात्र जमलं नाही.

मग तुम्ही पुण्याला पत्र लिहिलंत. तिथल्या हवामानाच्या कचेरीतल्या एका साहेबाला, इंग्रजीत. उत्तर आलं, तुम्ही नवं धोतर नेसल्यासारखे घरभर फिरलात. साहेबानं विचारलं होतं, फक्त शुक्रवारचे आकडे का, बाकीच्या दिवसांचे कुठायत. तुम्ही जे उत्तर लिहिलंत ते टपालात टाकण्याआधी मला वाचून दाखवलंत, एकेका वाक्याचं मराठी करून. बाकीच्या दिवसांची मोजणी घरातला एक अनपढ मददगार करतो, ती भरवशाची नसल्यानं वगळली आहे. असं म्हणालात आणि पुढचं वाक्य वाचायला लागलात.

अहो, पत्र इंग्रजीत होतं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते वाक्य वाचताना तुम्ही गाळलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. एवढीही लबाडी तुम्हाला माझ्यासाठी करता आली नाही. दशांशाचं गणित तुम्हीच शिकवलेली बायको तुमच्या समोर बसली होती आणि तुम्ही तिला तिच्याच तोंडावर अनपढ म्हणालात, सहज, हवा कशी आहे ते सांगावं तसं. मी उठून चुलीपाशी गेले. त्या रात्री भाकरी करपली, ती मुद्दाम करपवली होती. आज सांगते.

आणि आता तो दिवस. मागच्या वर्षीचा. कुणी बडे अधिकारी वारले म्हणून शाळा अर्ध्यात सुटली आणि तुम्ही भर बाराला घरी आलात. मी धाब्यावर काटा काढतच होते. तुम्ही शेरवानीही न उतरवता शिडी चढून आलात, माझ्या हातातून काटा घेतलात, आणि बर्फापाशी उकिडवे बसलात. आभाळाकडं, बर्फाकडं. मातीकडं. परत आभाळाकडं. तीनदा घेतलात. मी बाजूला उभी होते.

“किती?” मी विचारलं.

तुम्ही काटा पेटीत ठेवलात. “ढग आल्ता,” म्हणालात.

आभाळात चिंधीएवढा ढग नव्हता. मी वर पाहिलं, तुम्ही पाहिलं नाही. खाली जाऊन जेवायला बसलात. वाढताना मी दोनदा विचारलं, काय झालं. “काही न्हाई.” वहीत त्या दिवसापुढं जागा कोरी आहे.

त्यानंतर एक बदल झाला. लाल पेन्सिल बंद झाली. माझ्या आकड्यांवर रेघ आली नाही, पुढच्या शनिवारीही नाही, त्याच्या पुढंही नाही. मला वाटलं, कंटाळलात. वाटलं, ही सुधारणार नाही म्हणून नाद सोडलात. मी त्याबद्दल विचारलं नाही, कारण विचारलं तर पेन्सिल पुन्हा निघेल अशी भीती होती. शुक्रवारचे आकडे तुम्ही पूर्वीसारखेच घेत राहिलात, पूर्वीसारखेच जास्त. जुन्या रेघाही तशाच राहिल्या.

तेराव्याला केदारखेड्याहून भाऊ पांढरं लुगडं घेऊन आला. आपल्यात तसंच नेसतात, मीही नेसले, त्याबद्दल तक्रार नाही. तुमचे कपडे वाटून टाकले. शाळेची काळी शेरवानी तेवढी खुंटीवर राहिली, कारण गावाकडं ती घालणार कोण.

या मंगळवारी रहीमचाचा दारात उभे. खांद्यावर पोतं, खाली पाणी ठिबकतंय. “मास्तरनं बोलून ठेवल्तं,” म्हणाले, “यंत्र चालू झालं की पहिला डबा मिठाचा. म्या भरून बसलो, मंग याद आली की मास्तर तर न्हाईत.” ते रडायला लागले. मी रडले नाही. मी म्हणाले, धाब्यावर न्या.

बारा वाजता मी बसले. सांगते तसं ऐका, कारण तुम्हाला एकेक पायरी लागते. बर्फ तोच, मिठाचा. माती तीच, केदारखेड्याची. काटा तोच, डोळा माझाच. आभाळ स्वच्छ. मी आकडा घेतला आणि भागाकार केला. शुक्रवारचा आकडा आला. मंगळवारी. पुन्हा घेतला, तोच. मातीवर घेतला, तिथंही तुमचाच. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे तुम्हीच येऊन बसलात की काय. मग खाली पाहिलं, तर बर्फाच्या दोन्ही बाजूंना माझे गुडघे, आणि गुडघ्यांवर पांढरं लुगडं, उन्हात डोळे दिपवत असलेलं.

तीन वर्षं मी तिथं काळी चंद्रकळा नेसून बसत होते. मळखाऊ म्हणून. आणि तुम्ही शुक्रवारी न्हाऊन, स्वच्छ पांढरं धोतर नेसून, मांड्या पसरून बर्फावर वाकत होतात. बर्फ उजेड परत फेकतो, तसं धोतरही फेकतं. तो उजेड बर्फावर पडायचा, मातीवर पडायचा, काट्यात शिरायचा. शंभरातले ते जास्तीचे पाच-सहा उत्तरेच्या समुद्राचे नव्हते, तुमच्या धोतराचे होते. आणि त्या धोतराला दर गुरुवारी नीळ घालून बगळ्यासारखं पांढरं कोण करत होतं? मीच. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तुम्हाला तीन वर्षं मनातल्या मनात म्हणत होते, आणि अंगण खरंच वाकडं निघालं!

मी हसले. मग उठून खाली गेले, खुंटीवरची शेरवानी काढली, पांढऱ्या लुगड्यावर घातली, खालपर्यंत बटणं लावली आणि परत वर आले. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. आकडा घेत होते, तेवढ्यात आत्याबाई शिडीवरून वर आल्या.

“अगं बाई! ह्ये काय करून राह्यलीस? डोस्कं फिरलं का तुजं?”

“आत्याबाई, जरा मागं सरा. तुमचं बी लुगडं पांढरं हाय.”

त्या सरल्या. का सरल्या ते त्यांना कळलं नसणार, पण सरल्या. मी आकडा घेतला, भागलं, पाटीवर लिहिलं. आत्याबाई लांबूनच म्हणाल्या, “मंग? काय निघालं?”

“माझाच आकडा. तीन वर्षं माझाच बराबर होता. त्यांचं धोतर पांढरं होतं म्हणून त्यांचा जास्त यायचा.”

त्यांनी शेरवानीकडं पाहिलं. “त्याला माहीत होतं का?” त्यांनी विचारलं.

म्हातारी तुमच्यापेक्षा हुशार आहे. मी पाटी हातात धरून तिथंच बसले. कारण शेरवानी माझ्या अंगावर होती, आणि हीच शेरवानी घालून तुम्ही तीनदा आकडा घेतला होता. काळी शेरवानी, काळा पायजमा. तुम्हाला माझाच आकडा आला होता. तीनदा. तुमच्यासारख्या माणसाला त्यानंतर कारण शोधायला संध्याकाळही लागली नसेल. म्हणून तर ढग आला. म्हणून लाल पेन्सिल बंद झाली.

तुम्हाला माहीत होतं. आणि तरीही पुढच्या शुक्रवारी तुम्ही न्हालात, पांढरं नेसलात आणि धाब्यावर चढलात. पुण्याला आकडे गेले होते ना! साहेबाच्या फायलीत तुमचं नाव होतं. तिथली चूक कबूल करायची, तर अनपढ मददगाराचं बरोबर होतं असं लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा सुट्टी लागेपर्यंत दर शुक्रवारी जाणूनबुजून खोटा आकडा घेणं तुम्हाला सोपं गेलं. मला ते एकदाही जमलं नव्हतं. चुकलात याचा मला राग नाही हो, चुकीत निम्मी नीळ माझी आहे. राग त्या वर्षाचा आहे. ते वर्षभर मी तुम्हाला रोज वाढत होते, आणि तुम्ही माझ्याकडं बघून जेवत होतात.

आज मी पुण्याला पत्र लिहिलं, मराठीत. शुक्रवारचे आकडे टाकून द्यावेत, बाकीचे सहा दिवस बरोबर आहेत, मोजणाऱ्यानं काळे कपडे घालावेत. खाली सही केली, कौसल्या, आणि पुढं लिहिलं, मोजणी करणारी. लिहून झाल्यावर आनंद होईल असं वाटलं होतं. भूक लागली, एवढंच झालं. तुमच्याशी भांडायचं होतं मला, या कागदाशी नाही. तुम्ही समोर लाल होऊन बसला असतात, मी पाटी नाकासमोर धरली असती, दोन दिवस अबोला झाला असता आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही चहा मागितला असता.

एकच गोष्ट राहिली. ती सांगायची नव्हती, पण सांगते. त्या दिवशी जेवताना, मान खाली घालून का होईना, “तुजं बराबर हाय” एवढं म्हणाला असतात, तर पुण्याला मीच कळवलं असतं की शुक्रवारचे चुकलेले आकडेही मददगारानंच घेतले होते.